फ्रीझरमधल्या मगरी

रॉइस लँड्रीच्या गॅरेजात पेटीसारखा, वरून उघडणारा एक पांढरा फ्रीझर होता आणि त्यात जगातल्या शेवटच्या मगरी होत्या. खऱ्या नव्हेत, पावाच्या. खऱ्या असत्या तर समोरच्या घरातल्या मेरिल स्टोक्सला काहीच त्रास झाला नसता. खऱ्या मगरी फ्लोरिडात कोणाच्याही परसामागच्या तळ्यात निघतात. त्यांचा हेवा करत कोणी बसत नाही.

बातमी रॉइसनेच दिली. कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ओढता ओढता, जणू हवापाण्याबद्दल बोलावं तशी.

"रविवारी पार्कात गेला होतास म्हणे?"

"गेलो होतो," मेरिल म्हणाला.

"मिळाला का मगरपाव?"

"संपले होते."

"च्च. मी शुक्रवारीच गेलो. शेवटचा ट्रे होता, अख्खा उचलला. फ्रीझरमध्ये पडलेत." एवढं बोलून रॉइसने डब्याचं झाकण नीट बसवलं आणि तो शीळ घालत घरात गेला.

मेरिल आपल्या डब्याची मूठ धरून तिथेच उभा राहिला. नदीन, म्हणजे त्याची बायको, खिडकीतून पाहत होती. तिला वाटलं याच्या पाठीत उसण भरली.

मगरपाव हा जॉली पेलिकन पार्कातल्या दलदल विभागात, लाकडी पुलाच्या टोकाला असलेल्या बेकरीत मिळायचा आणि पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही मिळत नसे. वीतभर लांब, पाठीवर हिरव्या साखरेचे खवले, डोळ्यांच्या जागी बेदाणे, पोटात पेरूचा घट्ट जॅम आणि मलईचं चीज. शेपटीकडून खायला सुरुवात करायची की तोंडाकडून, यावरून वार्षिक पासवाल्यांत दोन तट होते आणि त्यांचं आपसांत फारसं जमत नसे. मेरिल शेपटीवाला होता.

एके काळी त्या पार्कात प्रत्येक कोपऱ्याचं काहीतरी स्वतःचं असायचं. चाच्यांच्या धक्क्यावर मातीच्या नारळात लिंबूपाणी मिळायचं आणि तो नारळ घरी नेता यायचा. दलदलीत एक म्हातारा सुरूच्या लाकडाच्या शिट्ट्या कोरत बसायचा. रॉकेटच्या पायथ्याशी काच फुंकणारी बाई होती. तिच्या हातचा पेलिकन प्रत्येक वेळी थोडा वेगळा निघायचा, कधी कधी बदकच निघायचं, पण ते बदक तुमचं असायचं. मग पार्काला कोणीतरी नवे साहेब मिळाले. आता सगळ्या दुकानांत एकच टीशर्ट, एकच मग, एकच पाण्याची बाटली, आणि त्यांवर फक्त चालू वर्षाचा आकडा. खायला तळलेल्या चिकनच्या पट्ट्या. धक्क्यावर त्याच, दलदलीत त्याच, चंद्रावर निघालेल्या माणसांनाही त्याच. एक मगरपाव तेवढा इतकी वर्षं तगून होता.

पार्कातली एखादी गोष्ट बंद होणार असली की पासवाले तिच्या शेवटच्या दिवशी रांग लावतात. सख्ख्या नातेवाइकांच्या अंत्यविधीला उशिरा पोचणारी माणसं इथे फाटक उघडण्याआधी हजर असतात. मेरिलही तसाच हजर झाला होता. फलकावर स्वच्छ लिहिलं होतं, 'रविवारपर्यंत.' त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'साठा असेपर्यंत' असं होतं, ते त्याने वाचलं नाही. हा मेरिल वाहन परवान्याच्या कचेरीत जन्मभर खिडकीमागे बसला होता आणि 'बारीक अक्षरं वाचत चला' हे वाक्य त्याने अर्ध्या जिल्ह्याला ऐकवलं होतं. नदीनने या योगायोगाचा एकदाच उल्लेख केला. पुन्हा केला नाही, कारण ती सज्जन बाई आहे.

"माग की त्याच्याकडे एक," ती म्हणाली. "तो देईल."

"रॉइसकडे? मी?"

"मग काय मी मागू?"

"कोणीही मागायचं नाही," मेरिल म्हणाला आणि जेवणावरून उठला.

त्याला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. आणखी एकदा मगरपाव खायचा, आणि तो रॉइसकडे न मागता.

पहिला उपाय सरळ होता: पार्कालाच मगरपाव पुन्हा सुरू करायला लावायचं. मेरिल इस्त्रीचा शर्ट घालून पार्काच्या पाहुणे-सेवा खिडकीवर गेला. खिडकीत एक तरतरीत मुलगी होती. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर तिचं नाव आणि गाव होतं, 'ब्रायली, ओहायो'. मेरिलने सगळी हकिगत सांगितली.

"अय्यो, मला किती वाईट वाटतंय!" ब्रायली हसू न मावळू देता म्हणाली. "मगरपाव निवृत्त झालाय, सर."

"मीही निवृत्त झालोय. पण मी अजून मिळतो."

"ते तर फारच छान!"

"मला तक्रार नोंदवायचीय."

"तक्रार नसते, सर, अभिप्राय असतो. तो फोनवरच्या आमच्या अ‍ॅपमधून द्यायचा."

"मी समोर उभा आहे ना?"

"हो, पण इथे तो पोचत नाही, सर."

नेमकं असंच काहीतरी मेरिल लोकांना सांगत आला होता आणि ते ऐकून माणसांचे चेहरे असे का होतात, हे त्याला तेव्हा कधी कळलं नव्हतं. बाकावर बसून त्याने अ‍ॅप उघडलं. अ‍ॅपने विचारलं, आजची भेट किती जादुई वाटली? फारच जादुई, खूप जादुई की जादुई? चौथा पर्याय नव्हता. त्याने नुसतं 'जादुई' निवडलं, तेही नाइलाजाने, आणि अ‍ॅपने त्याचे आभार मानून स्वतःला बंद करून घेतलं.

तो परत खिडकीशी आला तेव्हा ब्रायलीला खरंच दया आली असावी. तिने त्याला चिकनच्या पट्ट्यांचं एक फुकट कूपन दिलं आणि त्याच्या शर्टाला स्वतःच्या हाताने एक मोठा गोल बिल्ला लावला, 'आज माझा खास दिवस!' हा बिल्ला दिसला की पार्कातल्या प्रत्येक नोकराने त्या माणसाचं अभिनंदन करायचं असा तिथला नियम आहे. त्यामुळे बाहेर पडताना झाडूवाल्याने, फुगेवाल्याने आणि पेलिकनच्या वेषातल्या एका माणसाने मेरिलचं अभिनंदन केलं. पेलिकनने तर मिठी मारली. मिठीत असताना मेरिलला पेलिकनच्या खांद्यावरून दलदल विभाग दिसला. बेकरीच्या जागी बाटल्यांचं दुकान लागलं होतं.

घरी आला तर रॉइस आपल्या गॅरेजच्या उघड्या दारात खुर्ची टाकून बसलेला. मागे फ्रीझर मंद घरघरत होता.

"अरे वा, खास दिवस! काय, वाढदिवस का?"

मेरिलने बिल्ला उपटला. शर्टाला भोक पडलं.

दुसरा उपाय शेजारच्या डोन्या मिग्दालियाने सुचवला. ही मूळची पोर्तो रिकोची; 'डोन्या' म्हणजे तिकडे 'बाई'. तिच्यासमोर सगळी गल्लीच लहान होती, त्यामुळे साठी उलटलेल्या मेरिललाही ती 'पोरा' म्हणायची. कुंपणावरून तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"पेरू आणि चीज? एवढंच? अरे पोरा, आमच्याकडे कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतं ते."

"मगरीच्या आकाराचं?"

"मगरीच्या आकाराचं कशाला? माणसाच्या तोंडाच्या आकाराचं मिळतं."

"मग ते मगरपाव नव्हे."

"बरं बाबा. कणीक मी शिकवते, मगर तुझी तू कर."

मेरिलने कामाला हात घातला. पहिल्या दिवशी कणीक फुगलीच नाही. नदीन शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिने उरलेल्या पाण्याच्या भांड्यात बोट बुडवून पाहिलं.

"यीस्ट कशात भिजवलंस?"

"गरम पाण्यात. पाकिटावर लिहिलंय तसं."

"पाकिटावर कोमट लिहिलंय. हे पाणी चहाचं आहे. यीस्ट जिवंत असतं, मेरिल. तू त्याला उकडून मारलंस."

दुसऱ्या दिवशी यीस्ट जिवंत राहिलं आणि त्याने सूड उगवला. ओव्हनमध्ये घालताना त्या मगरी होत्या. बाहेर आल्या तेव्हा पाय पोटात गेले होते, जबडे मिटले होते आणि पाठ फुगली होती. नदीनने चष्मा लावला.

"कासव चांगलं झालंय."

तिसऱ्या खेपेस त्याने जबडा उघडा राहावा म्हणून त्यात लाकडी चमचा अडकवला. चमचा जळाला. घरात इतका धूर झाला की छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं आणि समोरून रॉइस धावत आला, हातात आग विझवायचा लाल डबा घेऊन. स्वयंपाकघरात कासवं मांडून ठेवलेली त्याने पाहिली. एकेक निरखून पाहिलं.

"पेरूचा वास येतोय," तो म्हणाला.

"नदीनला कासवं आवडतात," मेरिल म्हणाला.

त्या रात्री नदीनने त्याला रॉइसबद्दल एक शब्दही बोलू दिला नाही.

धुराचा त्रास नको म्हणून मेरिलने घरासमोरच्या गाडीरस्त्यावर, म्हणजे गॅरेजपर्यंत जाणाऱ्या वाटेवर, विटांची छोटी भट्टी रचली. तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षा कॉर्लिस हॅव्हर्टी चालत आल्या. ही बाई गवताची उंची मोजायला खिशात पट्टी बाळगते.

"मिस्टर स्टोक्स, हे बांधकाम आहे का?"

"ही भट्टी आहे."

"कायमची की तात्पुरती?"

"मगर जमेपर्यंत."

"असा प्रवर्ग आमच्याकडे नाही," कॉर्लिसबाई म्हणाल्या. "आणि पुढच्या दर्शनी भागात विटा फक्त फिकट बदामी रंगाच्या चालतात. तुमच्या तांबड्या आहेत."

भट्टी मोडली. विटा गॅरेजात गेल्या. मेरिल पुन्हा स्वयंपाकघरात आला आणि आता त्याच्या हातून जे पाव निघत होते ते कासवंही नव्हते. एकाला पाहून मिग्दालियाने क्रूसाची खूण केली. हिरवी साखर वितळून खाली ओघळायची आणि ओट्यावर मुंग्यांची वरात लागायची. हे पाव खायचे कोणी? कचऱ्यात टाकावेत तर डबा रॉइससमोरूनच न्यावा लागणार. म्हणून मेरिलने ते परसामागच्या तळ्यात फेकायला सुरुवात केली. पाण्यात पडले की ते बुडत नसत. नदीनचं म्हणणं, त्यांत एवढी हवा असेल तर यीस्टच्या बाबतीत तरी आपण प्रगती केली आहे.

चार-दोन दिवसांनी तळ्याच्या काठावर खरी मगर आली. मग ती रोज येऊ लागली, मेरिलच्या मागच्या दाराकडे तोंड करून, जेवणाच्या पानावर बसावं तशी.

पुढच्या दारात आलेला वन्यजीव खात्याचा अधिकारी तरुण होता आणि अत्यंत सभ्य.

"सर, तुम्ही मगरीला खायला घालता? फ्लोरिडात हा गुन्हा आहे, कल्पना आहे ना?"

"मी खायला घातलेलं नाही. मी मगरी टाकून दिल्या."

अधिकाऱ्याने मान वर केली. "मगरी? किती?"

"पावाच्या."

"मगरीला तुम्ही पावाची मगर घातलीत?"

"मगरीसाठी केलीच नव्हती ती!"

"मग कोणासाठी केली होती, सर?"

याचं उत्तर समोरच्या गॅरेजात खुर्ची टाकून बसलं होतं आणि फोनवर चित्रण करत होतं. ते चित्रण दुपारपर्यंत पासवाल्यांच्या गटात पोचलं. लोकांनी खाली लिहिलं की मगरपावाची खरी कदर शेवटी मगरीलाच. एकाने विचारलं, ती शेपटीकडून खाते की तोंडाकडून? अधिकाऱ्याने तंबी दिली, तळ्याकाठी एक फलक ठोकला आणि जाताना कुतूहलाने ओट्यावरच्या एका पावाकडे पाहून म्हणाला, "हे डुक्कर छान आहे."

त्यानंतर मेरिलने पीठ कपाटात ठेवून दिलं. तो सकाळी व्हरांड्यात बसायचा आणि समोरच्या फ्रीझरची घरघर ऐकायचा. एवढ्या अंतरावरून ती ऐकू येणं शक्य नाही, असं नदीनने त्याला दाखवून दिलं. पण त्याला यायची. रॉइस आत जाऊन झाकण उघडतो, थंड वाफ वर येते, मगरी एका ओळीत निजलेल्या आहेत, हे त्याला डोळे मिटले तरी दिसे. रॉइस एकटा राहायचा. एकट्या माणसाला एवढ्या मगरी कशाला हव्यात? हा प्रश्न मेरिलने नदीनला इतक्या वेळा विचारला की ती त्याचं उत्तर न देता पुस्तकाची पानं उलटायला शिकली.

आणि मग वादळ आलं.

फ्लोरिडात वादळाचं कोणी फार कौतुक करत नाही. खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, न्हाणीघरातला टब पाण्याने भरायचा आणि वारा संपेपर्यंत पत्ते खेळायचे. सकाळी लोक बाहेर आले तेव्हा कॉर्लिसबाईंच्या अंगणात मिग्दालियाची टपालाची पेटी होती, रस्ताभर फांद्या होत्या आणि वीज गेलेली होती. ती आठवडाभर येणार नाही असं रेडिओ म्हणाला.

सबंध गल्लीत जनरेटर एकट्या मेरिलकडे होता. त्याने तो घेतला तेव्हा रॉइसने विचारलं होतं, दवाखाना उघडतोस की काय? आता मेरिलने तो अंगणात, घरापासून पुस्तकात दिलेल्या अंतरावर, काटेकोर मोजून ठेवला आणि दोरी ओढली. त्या आवाजाने गल्लीतली सगळी दारं उघडली.

दुपारी रॉइस आला. त्याच्या दोन्ही हातांत बर्फाची मोठी पेटी होती. घामाने डबडबला होता. व्हरांड्याच्या पायरीशी तो थांबला, वर चढला नाही.

"मेरिल."

"बोल."

"तुझ्या फ्रीझरमध्ये जागा आहे का?"

मेरिलने या क्षणाची कल्पना पुष्कळ वेळा केली होती. त्यात तो 'बघावं लागेल' म्हणायचा, 'दोन ओळखपत्रं आणलीस का' म्हणायचा. प्रत्यक्षात तो फक्त एवढंच म्हणाला, "आण आत. वितळतील."

पुढचे दोन दिवस जगातल्या शेवटच्या मगरी मेरिलच्या फ्रीझरमध्ये होत्या. माणसाने यावर समाधान मानायला हवं. पण त्या त्याच्या नव्हत्या. आता तर परिस्थिती आणखी वाईट होती, कारण झाकण त्याचंच होतं. दर थोड्या वेळाने रॉइस दारात यायचा, दवाखान्यात नातलगाला भेटायला यावं तसा.

"बऱ्या आहेत ना?"

"झोपल्यात."

"बघू का जरा?"

"सारखं झाकण उघडलं तर थंडी जाते," मेरिल म्हणायचा. आणि रॉइस गेला की स्वतः उघडायचा. एकदा त्याने एकीच्या पाठीवरून बोट फिरवलं. खवले जसेच्या तसे होते.

"झाकण," मागून नदीन म्हणाली.

जनरेटरमुळे मात्र एक नवीनच गोष्ट घडली. लोक मेरिलकडे पाहू लागले. त्याचा दिवा लागलेला, पंखा फिरतोय, कॉफी गरम. येणारा-जाणारा कुंपणाशी रेंगाळायचा आणि उसासा टाकायचा. आयुष्यभर दुसऱ्याकडे तसं पाहिलेल्या माणसाला ते उसासे ओळखता येतात. मेरिलला ते फार गोड लागले. मिग्दालियाने फ्रिजसाठी वायर मागितली; दिली. कोणी फोन चार्जिंगला लावायला आलं; लावा. कॉर्लिसबाई स्वतः आल्या, माशांच्या टाकीचा पंप चालवायचा होता, आणि हलकेच म्हणाल्या की आता विटांच्या रंगाचं एवढं काही नाही. मेरिलने ती वायरही जोडली. त्याच्या अंगणात वायरींचं असं जाळं झालं की टपालवाली बाई उड्या मारत दारापर्यंत आली.

"बेरीज कर," नदीन म्हणाली. "एवढा भार तो पेलणार नाही."

"पेलतोय की."

"आत्तापर्यंत पेलतोय."

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉर्लिसबाईंनी माशांच्या पंपाच्या वायरीला कॉफीचं यंत्र जोडलं. जनरेटरने एकदा खोल श्वास घेतला, काळा धूर सोडला आणि तो कायमचा गप्प झाला. मेरिलने दोरी ओढली, पुन्हा ओढली. हातात दोरीच आली.

बर्फ गावात कुठेच नव्हता. नदीनने फ्रीझर उघडून एका मगरीच्या पोटाला बोटाने दाबलं आणि मान हलवली. "आज. उद्यापर्यंत नाही टिकणार. चीज आहे यात."

हे रॉइसला सांगायला मेरिलला स्वतः जावं लागलं. रस्ता ओलांडायला त्याला बराच वेळ लागला. 'जनरेटर मी जाळला' हे वाक्य त्याने तिकडे पोचेपर्यंत तीन प्रकारे रचलं आणि दारात चौथ्याच प्रकारे सांगितलं.

रॉइसने खांदे उडवले. "चल मग. कोळसे पेटव."

वादळानंतर वीज आली नाही की आमच्याकडे गल्लीगल्लीत हेच होतं. ज्याच्या फ्रीझरमधलं जे वितळेल ते तो बाहेर आणतो आणि सगळे मिळून भाजून खातात. मेरिलच्या गाडीरस्त्यावर शेगडी पेटली. मिग्दालियाने डुकराचं मांस आणलं, कॉर्लिसबाईंनी तीन वर्षांपूर्वीची कोळंबी आणली, जी नदीनने कोणालाही खाऊ दिली नाही. शेवटी रॉइसने ट्रे आणला. तो जाळीच्या कडेला, मंद आचेवर, एकेक मगर स्वतःच्या हाताने ठेवू लागला. साखर गरम झाली, पेरूचा वास सुटला. पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळ्यांना वाटण्या झाल्या. वितळताना काही फुटल्या होत्या, काही मिग्दालियाने नातवंडांसाठी उचलल्या, आणि शेवटी जाळीवर एकच राहिली.

रॉइसने ती मधोमध मोडली. शेपटीकडचा भाग मेरिलपुढे धरला.

"घे."

"तुझी आहे ती."

"घे रे. मी तर कधी खाल्लाच नाही हा."

मेरिलचा हात वाटेतच थांबला. "काय?"

"पेरू मला आवडत नाही. म्हणजे आवडत नसावा. वासानेच कधी तोंडात घातला नाही."

"मग अख्खा ट्रे कशाला घेतलास?"

"ती पोरगी म्हणाली, शेवटचा आहे. मागे एवढी रांग. शेवटचा म्हटल्यावर कोण सोडतो?" रॉइस कोळशांकडे बघत राहिला. "आणि म्हटलं, मेरिल रविवारी जाणार, फलक वाचून जाणारा माणूस. त्याला मिळणार नाही. मग येईल मागायला. दोन बिअर काढू, बसू जरा. उन्हाळाभर गॅरेज उघडं ठेवून बसलो. तू मगरीला पाव घातलेस, पेलिकनला मिठी मारून आलास, पण रस्ता काही ओलांडला नाहीस."

"तू नुसतं 'घे' म्हणाला असतास तर..."

"तू नुसतं 'दे' म्हणाला असतास तर..." रॉइसने त्याची नक्कल केली आणि दोघंही शेगडीकडे पाहू लागले.

मेरिलने शेपटी घेतली. कडेला कुरकुरीत, आत मऊ, जिभेला चटका देणारा जॅम, मग गार चीज. तोच होता. अगदी तोच. मेरिल प्रत्येक घास मनातल्या मगरपावाशी ताडून पाहत होता, जुळतोय का, साखर तेवढीच आहे का, आणि हे सगळं तपासण्यात अर्धी शेपटी कधी संपली ते त्याला कळलं नाही.

तेवढ्यात रॉइसने आपला अर्धा तोंडाला लावला. संशयाने, कोपऱ्याला, औषध घ्यावं तसा. चावला. थांबला. त्याच्या भुवया हळूहळू वर गेल्या. त्याने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, जणू तो आत्ताच आकाशातून पडला होता, आणि डोळे मिटून दुसरा, मोठा घास घेतला.

"अरे देवा," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "मेरिल! हे असं लागतं?"

मेरिल त्याच्याकडे बघतच राहिला. समोर एक माणूस मगरपावाचा पहिला घास खात होता. पहिला! ताडून पाहायला त्याच्याजवळ काही नव्हतं, आठवण नव्हती, काही नव्हतं. नुसता पेरू आणि चीज आणि साखर. हे मेरिलला आता पार्काने दिलं नसतं, पैशाने मिळालं नसतं, फ्रीझरने राखलं नसतं. ट्रेचा हेवा, गॅरेजचा हेवा, त्या सगळ्याची या एका घासापुढे काहीच मातब्बरी नव्हती. इतका हेवा मेरिलला आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता.

रॉइसचा भाग संपला. त्याने बोटं चाटली, मनगटावर ओघळलेला जॅम चाटला, ट्रेकडे पाहिलं, जाळीखाली वाकून पाहिलं.

"अजून आहे का?"

"नाही," नदीन म्हणाली. "जगात नाही."

रॉइसची नजर फिरत फिरत मेरिलच्या हातातल्या तुकड्यावर येऊन थांबली. हिरव्या साखरेचे दोन खवले असलेला शेपटीचा बुडखा. त्याने गिळलेला आवंढा सगळ्यांना ऐकू आला.

मेरिल खुर्चीत नीट मागे टेकून बसला. त्याने पाय लांब केले. आणि मग, रॉइसच्या डोळ्यांत पाहत, शक्य तितक्या सावकाश, तो बुडखा खाऊ लागला.